आधी नोंदवही, मग काचा

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून निवृत्त शिक्षिका असलेल्या वाचक भगिनींनी लिहिलेल्या पत्राचा सारांश :

‘आमच्या पेठेत १९३८ साली सुरू झालेला एक फोटो स्टुडिओ आहे. मूळ छायाचित्रकारांना जाऊन बरीच वर्षे झाली, त्यांचे नातू पुण्यात नोकरी करतात आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ती इमारत पाडली जाणार आहे. माळ्यावर आणि डार्करूममध्ये अंदाजे दोन हजार काचेच्या निगेटिव्ह, तीन कपाटे भरून फिल्मच्या निगेटिव्ह आणि काही वह्या आहेत. “हवे ते घेऊन जा, उरलेले मी भंगारात देतो,” असे नातवांनी सांगितले आहे. त्याच आळीतल्या एका वाड्यातील मोडी कागदांची दोन पोती रद्दीवाल्याकडे गेली असून ती अजून त्याच्या दुकानात पडून आहेत. आम्ही पाच जण आहोत : मी, एक बँक कर्मचारी, एक किराणा दुकानदार आणि महाविद्यालयात शिकणारी दोन मुले. या कामाचे शिक्षण कोणालाच नाही. बँकेतले गृहस्थ म्हणतात, चांगल्या काचा निवडून बाकीच्या सोडाव्यात. मुले म्हणतात, लगेच फेसबुकवर टाकावे. दुकानदार म्हणतात, थोड्या काचा जुन्या बाजारात विकून कपाटांचा खर्च भागवावा. फिल्ममधली चांदी काढणारा एक व्यापारी किलोचा भावही सांगून गेला आहे. एका खोक्यात मृत बालकांचे फोटो निघाले आणि आम्ही सगळे गप्प झालो. स्टुडिओत रिटचिंग करणारे काका ऐंशी पार करून अजून गावात आहेत. नातू विचारतात, ओळखीपाळखीची नसलेली माणसे जपायची कशाला? आम्ही काय करावे?’

सप्रेम नमस्कार.

आपल्या हातात दिवस थोडे आहेत, म्हणून प्रश्नांची उत्तरे आपण विचारलेल्या क्रमाने न देता निकडीच्या क्रमाने देतो.

उद्या सकाळी रद्दीवाल्याचे दुकान उघडेल तेव्हा तिथे हजर राहा आणि वजनाचा जो भाव होईल त्यावर थोडे अधिक देऊन दोन्ही पोती ताब्यात घ्या. कागद काय आहेत, किती जुने आहेत, याची चर्चा दुकानात उभे राहून करू नका, पोत्यात हात घालून वरचे चार कागद उलगडूनही पाहू नका. त्याच वेळी त्या दुकानदाराला आपला फोन नंबर द्या आणि पुन्हा कधी हाताने लिहिलेले कागद किंवा जुने फोटो आले तर आधी आपल्याला कळवायची विनंती करा. गावातले जुने कागद सर्वांत शेवटी ज्याच्या नजरेखालून जातात तो माणूस रद्दीवालाच असतो आणि त्याच्याशी जुळलेले संबंध आपल्या गटाला पुढची वीस वर्षे उपयोगी पडतील.

मग स्टुडिओत जा. तेथून पहिली वस्तू बाहेर काढाल ती काच नसावी. ‘काही वह्या’ असे आपण ज्यांच्याविषयी एका शब्दात लिहून पुढे गेला आहात, त्या वह्या आधी काढा. माझ्या या उत्तरातली बाकी प्रत्येक गोष्ट काही कारणाने राहून गेली तरी चालेल, एवढी एक राहू देऊ नका.

त्याचे कारण प्रत्यक्षच पाहा. कोणतीही एक हाफ प्लेट, म्हणजे मध्यम आकाराची काचेची निगेटिव्ह, दोन्ही कडांना धरून खिडकीच्या उजेडासमोर आणा. चेहरा काळा, केस पांढरे, लुगड्याचा गडद काठ पांढराशुभ्र दिसेल. डोळ्यांखाली आणि गालांवर बारीक पेन्सिलीच्या रेघोट्यांची जाळी असेल, कारण त्या रेघांच्या जागी छापात सुरकुत्या आणि देवीचे व्रण उजळत असत. कोपऱ्यात शाईने लिहिलेला किंवा टोच्याने कोरलेला एक आकडा असेल, समजा ४१२७. काच आपल्याला एवढेच सांगते. आता वही उघडा आणि ४१२७ ही ओळ शोधा : तारीख, गिऱ्हाइकाचे नाव, गाव, साइज, किती प्रती, आगाऊ किती, बाकी किती. त्या एका ओळीने ती अनोळखी बाई अमुक गावच्या अमक्याची पत्नी होते, फोटो कोणत्या महिन्यात काढला ते कळते आणि पुढच्या रकान्यात पैसे दोन हप्त्यांत फेडल्याची नोंद असेल, तर त्या घरात फोटो ही केवढी मोठी बाब होती तेही उमजते. वही भंगारात गेली, तर दोन हजार काचा हाती असूनही आपल्याकडे दोन हजार बिननावाची माणसे उरतील. प्रत्येक स्टुडिओची नोंद ठेवण्याची तऱ्हा वेगळी असते. कुठे आकड्यांची वही आणि उधारीची खातेवही अलग असते, कुठे नाव फक्त निगेटिव्हच्या पाकिटावर लिहिलेले असते. म्हणून पावतीपुस्तके, पाकिटे, बिलांच्या चवडी, फळीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, काहीही टाकू नका.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो आहे, त्यामागे एक जुनी चूक आहे. तीसेक वर्षांपूर्वी एका वाड्यातील दप्तर हलवायला आम्ही चार मित्र गेलो होतो. टेम्पोत जागा कमी होती, म्हणून आम्ही शिक्के असलेले आणि वळणदार अक्षरांतले कागद उचलले आणि किराण्याच्या, मजुरीच्या, वरवर कंटाळवाण्या दिसणाऱ्या वह्या ‘दुसऱ्या खेपेला’ म्हणून मागे ठेवल्या. दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा परसात राख होती. पुढे अभ्यास करताना कळले की शिक्क्यांच्या कागदांतला बराचसा मजकूर अन्यत्रही उपलब्ध होता, आणि त्या परगण्यातील ज्वारीचे भाव, सुताराची रोजंदारी, दुष्काळी सालातली उधारी हे सारे फक्त त्या वह्यांत होते. ती राख मला अजून दिसते.

म्हणून बँकेतील आपल्या मित्रांना माझा निरोप सांगा, की निवड आत्ता करायची नाही. चांगली काच कोणती हे आज ठरवता येत नाही आणि गडबडीत ठरवायला गेले की देखणे तेवढे राहते. सगळे उचला आणि आहे त्याच क्रमाने उचला. कशालाही हात लावण्यापूर्वी प्रत्येक कपाटाचे, प्रत्येक फळीचे फोटो मोबाइलवर काढा. कपाटांना अ, आ, इ अशी आणि फळ्यांना वरून खाली १, २, ३ अशी खूण द्या आणि खोक्यावर मऊ पेन्सिलीने कपाट, फळी आणि खोक्याचा क्रमांक, म्हणजे ‘आ-३-७’ इतकेच लिहा. काचा ज्या डझनाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत विकत येत, त्याच इल्फर्ड, अ‍ॅग्फा, कोडॅकच्या खोक्यांत बहुतेक छायाचित्रकार त्या परत ठेवत आणि झाकणावर स्वतःच्या हाताने काही खरडून ठेवत. ती जुनी खोकी फेकून नवे चकचकीत डबे आणण्याचा मोह होईल, तो आवरा.

आता हाताळणीविषयी. काचेची एक बाजू गुळगुळीत, चकचकीत असते आणि दुसरी किंचित मंद. प्रतिमा त्या मंद बाजूवरच्या जिलेटिनच्या पातळ थरात असते, म्हणून त्या बाजूला बोट, फडके, पाणी, काच पुसण्याचे द्रव यांपैकी काहीही लागू देऊ नका. रिटचिंगची पेन्सिल आणि मागचा भाग झाकण्यासाठी लावलेला लाल रंग एका ओल्या बोळ्यानेही निघून जातो आणि तो रंगही त्या कारागिराच्या कामाचा पुरावा आहे. धूळ फुंकणीने किंवा अगदी मऊ ब्रशने उडवा आणि चकचकीत बाजू फारच मळलेली असेल तर तेवढी नंतर सावकाश स्वच्छ करता येईल. ती घाई या महिन्यात नको. सुती मोज्यांतून काच निसटते, त्यासाठी डॉक्टर वापरतात तसले नायट्राइलचे हातमोजे घ्या आणि माळ्यावर उंदराच्या लेंड्या व बुरशी असणारच, म्हणून तोंडाला चांगला मास्क बांधा. अखंड काचा लांब कडेवर उभ्या ठेवायच्या, कारण आडव्या रचल्या की वरच्यांच्या भाराने खालच्या तडकतात. फुटलेली काच मात्र आडवीच ठेवावी, तिचे तुकडे एका ताठ पुठ्ठ्यावर जुळवून पाकिटात ठेवावेत आणि चिकटपट्टी कदापि लावू नये. एकमेकींना चिकटलेल्या काचा ओढून सोडवू नका, त्या तशाच बांधून ‘चिकटलेल्या’ अशी खूण करा.

शंभर हाफ प्लेटचे वजन सुमारे सात-आठ किलो भरते. दोन हजारांचे दीडशे किलोंवर जाईल, म्हणून खोकी छोटी ठेवा, टेम्पोत खाली गादी अंथरा आणि काचांची कड प्रवासाच्या दिशेला येईल अशी खोकी लावा, म्हणजे ब्रेक लागल्यावर एक काच दुसरीवर आदळत नाही. ठेवण्यासाठी जागा निवडताना पत्र्याखालचा माळा आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळा. आतल्या बाजूच्या कोरड्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून थोडे सुटे असे लोखंडी कपाट सर्वांत बरे. लाकडी रॅकला वाळवी लागली की काच उरते आणि खोक्यावरचे अक्षर जाते. पावसाळाभर कपाट बंद ठेवून आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि दर पंधरवड्याला बदलाव्यात. हिवाळ्यातल्या कोरड्या दिवशी ते उघडून वारा द्यावा, पण ऊन मात्र कशालाच दाखवू नये. कागदांसाठी आपल्याकडे पूर्वीपासून वेखंडाची पुरचुंडी ठेवतात, ती चांगली. डांबराच्या गोळ्या नकोत.

फिल्मच्या तीन कपाटांबाबत जरा जपून वागावे लागेल. जुन्या फिल्मचा एक प्रकार नायट्रेटचा असतो आणि तो भयंकर ज्वालाग्राही आहे. कोडॅकने त्याचे उत्पादन १९५१मध्ये थांबवले, म्हणून त्यापूर्वीच्या फिल्मकडे संशयानेच पाहावे. कडेवर इंग्रजीत ‘सेफ्टी’ असे छापलेले दिसले तर बहुधा चिंता नाही. तसे नसेल आणि फिल्म पिवळी, चिकट झालेली किंवा तपकिरी भुकटी सुटलेली असेल, तर ती वेगळी काढून घरापासून दूर, हवेशीर, थंड जागी ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात विचारा. जाळून परीक्षा पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ज्या पाकिटांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ती फिल्म अ‍ॅसिटेटची आहे आणि ती कुजू लागली आहे. तिची लागण शेजारच्या चांगल्या फिल्मलाही होते, म्हणून ती अलग करून तिची छायाप्रत सर्वांत आधी काढून घ्यावी.

चांदीचा भाव सांगून गेलेल्या व्यापाऱ्याला नम्रपणे परत पाठवा. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते हे खरे आहे आणि आपल्या चित्रपटसृष्टीचा आरंभकाळ बराचसा त्या चांदीपायीच नाहीसा झाला आहे. १९३१च्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची उभारणी करणारे पी. के. नायर हे ‘आलम आरा’चे दिग्दर्शक आर्देशीर इराणी यांना भेटले तेव्हा चित्रपटाची रिळे असल्याचे त्यांना सांगण्यात आले होते, पण ती चांदीसाठी केव्हाच विकली गेली होती, अशी हकीकत नायर यांनी पुढे सांगितली आहे. त्याच नायर यांनी दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांचे जे काही अवशेष मिळवून जपले, त्यामुळे आपण आज ‘कालिया मर्दन’मधला बालकृष्ण पडद्यावर पाहू शकतो. एका माणसाने दारोदार जाऊन विचारले की नाही, एवढ्यावर हे ठरले. आपले पाच जण म्हणजे पाचपट बळ आहे.

मोडीच्या दोन पोत्यांकडे वळतो. वाड्यातल्या कागदांत गावच्या वसुलाचे, वतनाचे, तंट्यांचे कागद निघाले तर नवल वाटू देऊ नका. कुलकर्णीपण वंशपरंपरेने चालत असल्याने गावाचे दप्तर त्या घरातच राहत असे आणि १९५०च्या कायद्याने ही वतने संपल्यावरही पुष्कळ कागद माजघरातल्या पेटाऱ्यांत तसेच पडून राहिले. पोती मोकळ्या चादरीवर आडवी करून वरून खाली, जसे कागद येतील तशा गठ्ठ्यांनी काढा. रुमालात बांधलेले गाठोडे निघाले तर ते न सोडता तसेच ठेवा, कारण एका रुमालातले कागद एका कामाचे असतात आणि सुटले की त्यांचा संबंध पुन्हा जोडणे महाकठीण असते. घट्ट गुंडाळलेले किंवा ओलीने चिकटलेले कागद उघडू नका. आणि कृपा करून झेरॉक्सच्या दुकानात नेऊन एकाही कागदाला लॅमिनेशन करू नका. हातकागदावर बोरूने आणि काजळाच्या शाईने लिहिलेला कागद उघडा राहिला तरी दोन-तीन शतके टिकतो, प्लॅस्टिकमध्ये गरम करून बंद केलेला मात्र पुन्हा कधी मोकळा करता येत नाही.

वाचता आले नाही म्हणून निराश होऊ नका, कालाचा अंदाज तेवढ्यावाचूनही बांधता येतो. मोडी जाणणारा कोणी शेजारी बसला आणि त्याने ‘सन इहिदे सबैन मया व अलफ’ असे वाचून दाखवले, तर ते अरबी शब्दांत लिहिलेले आकडे आहेत : एक, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन (जुन्या मोडी कागदांतली एक कालगणना) ११७१. त्यात महिन्याप्रमाणे ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, इथे १७७०-७१. आपल्या गटातील दोन्ही मुलांना पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी प्रशिक्षण वर्गाला पाठवा. वर्षभरात त्यांचा हात चालू लागेल आणि गावाला स्वतःचे मोडी वाचक मिळतील.

याच ठिकाणी एक सावधगिरी. पोत्यांत एखाद्या सरकारी कचेरीचे किंवा शाळेचे अभिलेख, म्हणजे दाखल-खारीज रजिस्टर, कोतवाल बुक, गाव नमुना १४ (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी) असे काही निघाले, तर ते आपल्या संग्रहात ठेवून घेऊ नका. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे असे अभिलेख विहित पद्धतीशिवाय नष्ट करता येत नाहीत आणि ते कोणाची खासगी मालमत्ताही होत नाहीत. तहसीलदारांना आणि पुणे पुराभिलेखागाराला लेखी कळवा, पोहोच घ्या आणि ते कागद कधी, कुठे, कोणासमक्ष मिळाले याचा पाच ओळींचा पंचनामा आपल्या सह्यांनिशी करून ठेवा. २०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून अशा रजिस्टरांना फार मागणी आहे आणि कोणाच्या तरी दाखल्यासाठी पान फाटणे किंवा नवी ओळ घुसडली जाणे हे धोके खरे आहेत. मागणाऱ्या कुणालाही मूळ पान हाताळू देऊ नये.

विक्रीविषयी माझे मत स्पष्ट आहे : एकही काच विकू नका. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी अशा काचा सुट्या मिळतात आणि मी त्या हातात घेऊन अनेकदा उभा राहिलो आहे. त्या कोणत्या गावच्या, कोणाच्या, हे सांगणारे तिथे कोणी नसते. आकड्यापासून आणि वहीपासून तुटलेली काच शोभेची वस्तू होते. शिवाय पंचाहत्तर वर्षांहून जुने, ऐतिहासिक मूल्य असलेले हस्तलिखित व दस्तऐवज १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येतात, त्यांच्या व्यवहाराला निर्बंध आहेत आणि परदेशी पाठवण्याला तर मनाईच आहे. दुकानदारांची खर्चाची काळजी मात्र रास्त आहे. दोन लोखंडी कपाटे, पाकिटांसाठी आम्लरहित कागद, एक बऱ्यापैकी स्कॅनर आणि दोन हार्ड डिस्क इतकाच आरंभीचा खर्च आहे. गावातली पतसंस्था, व्यापारी मंडळ, गणेशोत्सव मंडळ यांच्याकडे शब्द टाका. ज्या कुटुंबाला आजी-आजोबांची काच सापडेल त्यांना चांगली छापील प्रत करून द्या आणि तिचे मूल्य घ्या, यात संकोच नसावा.

मुलांच्या उत्साहाला नाही म्हणताना मला जड जाते, कारण लोक ओळखतील हे त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. तरी लगेच फेसबुक नको. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोवर, दुसरा करार नसेल तर, आपल्या प्रताधिकार कायद्याने पहिला हक्क फोटो काढवून घेणाऱ्याचा असतो, स्टुडिओचा नसतो, म्हणजे नातवांची परवानगी आपल्याला सगळ्यासाठी पुरत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की चुकीचे नाव एकदा चिकटले की निघत नाही. झाशीच्या राणीचे अस्सल छायाचित्र म्हणून पुराव्याविना फिरणारी चित्रे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. आधी वहीशी ताळा, मग घरच्यांना विचारणे, मग गावात प्रदर्शन, असा क्रम ठेवा. नगर वाचनालयाच्या सभागृहात दिवाळीनंतर पन्नास छापे लावा, प्रत्येकाखाली कोरी चिठ्ठी आणि दोरीला पेन्सिल बांधून ठेवा. म्हाताऱ्या माणसांना खुर्च्या द्या. एका दिवसात जितकी नावे मिळतील तितकी पडद्यावर वर्षभरात मिळणार नाहीत आणि ती कोणी सांगितली हेही लिहून घेता येईल. तोवर मुलांना एक काम द्या : ट्यूबलाइटवर दुधी अ‍ॅक्रिलिकची पट्टी, तिच्यावर काच, वरून स्टँडला बांधलेला मोबाइल. फोटो काढून रंग उलटे केले की चेहरा उजळतो. संदर्भासाठी एवढे पुरे, उत्तम प्रतीचे स्कॅन पावसाळ्यानंतर. फाइलला नाव देताना खोक्याचा क्रमांक आणि काचेवरचा आकडा एवढेच द्यावे आणि प्रत्येक फाइलच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक गावाबाहेर.

मृत बालकांचे फोटो पाहून आपण गप्प झालात, हे वाचून मला आपल्या गटाविषयी भरवसा वाटला. तो काळ असा होता की पुष्कळ घरांत मूल हयात असताना फोटो काढण्याचा प्रसंगच आला नाही आणि त्याच्या मृत्यूच्या दिवशी बापाने धावत जाऊन छायाचित्रकाराला बोलावून आणले. त्या आईपाशी त्या मुलाची दुसरी खूण नव्हती. या काचा इतर काचांसारख्याच जपा, त्यांचे आकडे वहीत लावा, पण प्रदर्शनात आणि इंटरनेटवर त्या ठेवू नका. नोंदीत ‘फक्त कुटुंबीयांसाठी’ असा शेरा असू द्या. कोणी वारस विचारत आला तर एकांतात, बसवून, आधी काय आहे ते सांगून मग दाखवा.

नातवांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच कपाटात आहे. सातारा जिल्ह्यातल्या किती घरांतून मुले पलटणीत गेली हे मी आपल्याला सांगायला नको. निघण्याआधी नव्या गणवेशात, शेजारी बायको आणि पुढे आई बसवून काढलेले फोटो या काचांत असणार आणि दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांतल्या काही काचा तर त्या जवानाच्या घरात उरलेल्या एकमेव आठवणीच्या मूळ प्रती असतील. गिरणीत कामाला निघालेला तरुण, मुंबईहून पहिल्यांदा घड्याळ बांधून आलेला भाऊ, नऊवारीतली सासू आणि पाचवारीतली सून, मागे तोच रंगवलेला कमानीचा पडदा. ज्यांची नावे कोणत्याही इतिहासात येणार नाहीत, अशा माणसांनी स्वतःहून, पैसे मोजून, ‘आम्ही असे दिसतो’ म्हणून ठेवलेली ही नोंद आहे. ती ठेवणारे हात नातवांच्या आजोबांचे होते. हे त्यांना फोनवर सांगू नका. ते आले की एक काच खिडकीसमोर धरून दाखवा.

त्याच भेटीत त्यांच्याकडून एक पानी दानपत्र घ्या : कोण देतो, कोणाला देतो, काय काय देतो, जपण्याची, प्रती काढण्याची, दाखवण्याची आणि पुढे एखाद्या संस्थेला सोपवण्याची परवानगी, दोन साक्षीदार. आपला गट उद्या मोडला तर संग्रह कोणाकडे जाईल हे वाक्य त्यात हवेच, कारण स्वयंसेवकांनी वाचवलेले संग्रह पुढे स्वयंसेवकांच्याच घरातून रद्दीत गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

पुढे कुठे द्यावे? मोडी कागदांसाठी पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. १९१०मध्ये वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी ते स्थापले तेच मुळी अशा घराघरांतल्या कागदांसाठी. एखादे अस्सल चिठोरेही बखरीला खोटे पाडू शकते, असे मानून राजवाडे गावोगाव हिंडले, म्हणून आपल्याकडे इतिहासाची साधने उरली. मिरजेला वासुदेवशास्त्री खरे यांनी शिक्षकाची नोकरी करत पटवर्धनांच्या दप्तरातले कागद वर्षानुवर्षे वाचून छापले, तेही कोणाच्या आदेशाने नव्हे. काचांसाठी मात्र देण्याआधी विचारा : जागा आहे का, सगळा संग्रह एकत्र राहील का, गावाला प्रती मिळतील का. निवडक ठेवून बाकीचे परत करू असे उत्तर आले तर थांबा. तामिळनाडूतील जुन्या स्टुडिओंची छायाचित्रे पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त अभिलेखांसाठीच्या योजनेतून अंकीय स्वरूपात आणली आणि त्या योजनेत मूळ वस्तू देशाबाहेर नेल्या जात नाहीत. अशी वाट आपल्यालाही मोकळी आहे, पण तिथे अर्ज करायचा तर संग्रहाची यादी आणि वही हातात असावी लागते.

राहता राहिले रिटचिंगचे काका. इमारत पडायची तारीख ठरली आहे, त्यांची तारीख कोणी सांगू शकत नाही, म्हणून काचा हलवण्याचे काम चालू असतानाच त्यांच्या घरी जा. नोंदवहीतले हस्ताक्षर कोणाचे, आकड्यापुढच्या खुणेचा अर्थ काय, कोणत्या साली काच बंद होऊन फिल्म आली, पडदा कोणी रंगवला, उन्हाळ्यात डार्करूममध्ये पाणी थंड कसे ठेवत, हे त्यांच्याखेरीज आता कोणाला ठाऊक नाही. मोबाइलचा रेकॉर्डर त्यांना सांगून, समोर ठेवून सुरू करा. एका मुलाने वही धरावी, एकाने एकेक काच उजेडासमोर धरावी आणि आपण फक्त विचारावे. मध्येच ते थांबतील, कोणाची तरी आठवण निघेल, तेव्हा पुढची काच लगेच पुढे करू नका. पहिल्या दिवशी तासाभरापेक्षा जास्त बसवू नका आणि निघताना दुसऱ्या दिवशीची वेळ ठरवूनच निघा.